ड्रायव्हरची झोप आणि इंजिनाला जोडलेले घड्याळ



बैलाकडून काम कसे घ्यावे हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. सकाळच्या गारव्यात औत धरायचे, ऊन चढले की जू उतरवायचे, वैरण-पाणी दाखवून सावलीला बांधायचे आणि उन्हे कलल्यावर पुन्हा जुंपायचे. वाफसा निघून जाईल या भीतीने एखादा जादा ओढून घेतो, पण दुसऱ्या दिवशी बैल बसला म्हणजे काय महागात पडले ते त्याचे त्याला कळते.

पण तुमचा कांदा, केळी, टोमॅटो भरून रात्री जो मालट्रक शिवाराबाहेर पडतो, त्याच्या स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाने शेवटची झोप कधी घेतली, हे आपण कधी विचारतो का? भाडे ठरवतो, गाडीचा नंबर लिहून घेतो, बिल्टी खिशात घालतो आणि ‘उजाडायच्या आत मार्केटला लाव बरं का’ असे बजावून मोकळे होतो.

या प्रश्नाशी अमेरिकेने मोठी झटापट केली आहे. तेथे ड्रायव्हरने किती तास गाडी हाकावी याचा कायदा आहे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला थेट इंजिनाला जोडलेले यंत्र आहे. त्या यंत्रावरून ड्रायव्हर, मालक, शेतकरी आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. तो वाद समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात शेतकऱ्याचाही वाटा आहे. शिवाय आपल्या देशातली, विशेषतः पंजाबातली, पुष्कळ मुले आज अमेरिकेत आणि कॅनडात याच नियमांखाली ट्रक चालवून घरी पैसे पाठवतात.

जनावरांचा कायदा आधी, माणसाचा मागून

ऐकून नवल वाटेल, पण अमेरिकेत विश्रांतीचा कायदा आधी गुराढोरांसाठी झाला. १८७३ साली तेथे ठरले की, रेल्वेने नेली जाणारी जनावरे २८ तासांपेक्षा जास्त वेळ डब्यात कोंडून ठेवायची नाहीत. त्यांना खाली उतरवून चारा, पाणी आणि विसावा द्यायचा. माणसाची पाळी त्यानंतर साठ वर्षांनी आली. १९३५ च्या मोटार वाहतूक कायद्याने मालट्रकच्या ड्रायव्हरांचे तास ठरवण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि त्या दशकाच्या अखेरीस पहिले नियम झाले.

पुढे ते अनेकदा बदलले. आजचा नियम थोडक्यात असा आहे. माल वाहणाऱ्या ड्रायव्हरने सलग १० तास सुटी घेतल्याशिवाय कामाला लागायचे नाही. काम सुरू केले की त्या क्षणापासून १४ तासांचे घड्याळ चालू होते. या १४ तासांत तो जास्तीत जास्त ११ तास गाडी हाकू शकतो. ८ तास गाडी हाकून झाली की त्याने निदान ३० मिनिटे गाडी हाकणे थांबवलेच पाहिजे. आठवड्याचा हिशोब वेगळा: कंपनी रोज गाड्या चालवत असेल तर ८ दिवसांत ७० तास काम, नसेल तर ७ दिवसांत ६०. सलग ३४ तास सुटी घेतली की आठवड्याचा हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू.

उदाहरण घेऊ. एक ड्रायव्हर पहाटे ५ वाजता कामाला लागला. त्याचे घड्याळ संध्याकाळी ७ ला संपणार. सकाळी माल भरायला गेला आणि तेथे ४ तास थांबावे लागले. आता त्याच्याकडे १० तासच उरले. ११ तास गाडी हाकायची मुभा कागदावर आहे, पण तेवढा वेळच हातात नाही. ७ वाजले की त्याने गाडी बाजूला लावलीच पाहिजे. मग मुक्कामाचे गाव २० मैलांवर असो की २.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवा. २००४ पूर्वीच्या नियमात ड्रायव्हरने मध्येच गाडी लावून दोन तास झोप काढली, तर तेवढा वेळ कामाच्या तासांतून वगळला जाई. २००४ पासून घड्याळ सलग धावू लागले. झोप काढा, जेवा, नाहीतर माल भरायच्या रांगेत उभे राहा, काटा फिरतच राहतो. २०२० च्या दुरुस्तीने यात थोडी सैल दिली आहे. ट्रकमागच्या झोपायच्या खणात ठरावीक तास विश्रांती घेतली तर घड्याळ थांबवता येते. पण त्याची गणिते किचकट आहेत आणि सगळ्यांना ती सोयीची पडत नाहीत.

वही गेली, यंत्र आले

पूर्वी हे सारे तास ड्रायव्हर स्वतःच्या हाताने वहीत लिही. दिवसाचे २४ खण, त्यात रेघ ओढायची: इतका वेळ गाडी चालवली, इतका वेळ दुसरे काम केले, इतका वेळ झोपलो. आता तुम्हीच सांगा, जेथे मजुरी मैलावर मिळते तेथे ही वही किती खरी असणार? काही जण दोन-दोन वह्या ठेवत. ड्रायव्हर लोक आपापसांत या वहीला थट्टेने ‘चित्रकथेचे पुस्तक’ म्हणत. सगळेच खोटे लिहीत असे नाही, पण खोटे लिहिणे सोपे होते आणि मालकाचा रेटा लागला की हात आपोआप तिकडे वळे.

२०१२ साली अमेरिकेच्या संसदेने वाहतुकीचा एक मोठा कायदा मंजूर केला आणि त्यात इंजिनाला जोडलेले नोंदयंत्र सक्तीचे करायचे ठरले. डिसेंबर २०१५ मध्ये अंतिम नियम निघाला आणि १८ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून, यंत्र नसलेली गाडी पोलिसांना जागच्या जागी थांबवून ठेवता येऊ लागली.

यंत्र दिसायला लहान असते. इंजिनाच्या यंत्रणेला ते तारेने किंवा बिनतारी जोडतात आणि मोबाईलसारख्या पडद्यावर त्याचा हिशोब दिसतो. गाडी ताशी ५ मैलांच्या, म्हणजे साधारण ८ किलोमीटरच्या वेगाला आली की ‘गाडी चालू’ अशी नोंद आपोआप पडते. त्याला ड्रायव्हरची सही नको की पेन नको. गाडी कोठे आहे याची नोंद दर तासाला होते. ड्रायव्हरला आपली टीप जोडता येते, मालकाने केलेला बदल ड्रायव्हरने मान्य केल्याशिवाय धरला जात नाही, आणि आपोआप नोंदलेला गाडी हाकण्याचा वेळ कोणाला कमी करता येत नाही.

काहींना यातून सूट आहे. २००० सालापूर्वीच्या इंजिनाच्या गाड्या, महिन्यातून मोजके दिवसच नोंद ठेवावी लागते असे ड्रायव्हर, आणि जवळपास फिरून त्याच दिवशी घरी परतणारे, यांना यंत्राची सक्ती नाही. शेजारच्या कॅनडातही १२ जून २०२१ पासून असाच नियम आला आणि १ जानेवारी २०२३ पासून कारवाई सुरू झाली. तेथे दिवसाला १३ तास गाडी हाकता येते.

ड्रायव्हर काय म्हणतात?

ड्रायव्हरांत सरळ दोन तट पडले, आणि दोन्हींच्या म्हणण्यात तथ्य आहे.

एका तटाचे म्हणणे असे: “यंत्र आले ते बरेच झाले. पूर्वी मालक फोनवर म्हणायचा, वहीत काय ते जुळवून घे, पण माल सकाळी पोचला पाहिजे. आता मी यंत्र दाखवतो आणि सांगतो, वेळ संपली. त्याला पुढे बोलता येत नाही.” मोठ्या कंपन्यांनी तर सक्तीच्या आधीच यंत्रे बसवली होती आणि त्यांच्या संघटनेने नियमाला पाठिंबाही दिला. खोट्या वह्या लिहून कमी भाड्यात माल उचलणारे स्पर्धक त्यांना नकोच होते.

दुसऱ्या तटात बहुतेक स्वतःची एखाद-दुसरी गाडी असलेले मालक-ड्रायव्हर. आपल्या भाषेत सांगायचे तर अल्पभूधारक. त्यांची १९७३ पासूनची संघटना आहे. तिने कोर्टात दावा लावला की, सरकार इंजिनावर पाळत ठेवते हा आमच्या खासगी आयुष्यावर घाला आहे. कारण लांबच्या ड्रायव्हरचे घर म्हणजे त्याची केबिनच. तेथेच तो झोपतो, जेवतो, घरच्यांशी बोलतो. २०१६ साली अपील कोर्टाने नियम कायम केला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला.

पण पाळतीपेक्षाही त्यांचे दुखणे आणखी खोल आहे. ते म्हणतात, “झोप मला कधी येते ते मला कळते, यंत्राला नाही. दुपारी डोळे जड झाले तर तासभर पडावेसे वाटते. पण पडलो तर तो तास माझ्या १४ तासांतून जातो. म्हणून मी पेंगत पेंगत हाकतो. रात्री ७ ला घड्याळ संपते तेव्हा मी टक्क जागा असतो आणि तेव्हा मला झोपायला सांगतात.” अंगातली झोप आणि घड्याळातली झोप यांची गाठ पडत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे. पीक सुकले की नाही हे न पाहता, आज पाळी आहे म्हणून पाणी सोडण्यासारखाच हा प्रकार आहे.

तरी एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘मला झोप कळते’ यावर फार भिस्त ठेवू नये. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तपासून दाखवले की, सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या कामात तितकाच ढिला पडतो, जितका रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला. २४ तास जागा राहिला तर ते ०.१० टक्क्यांच्या घरात जाते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला ०.०३ टक्क्यांच्या वर दारू चालत नाही. म्हणजे थेंब न घेताही पहाटेचा जागरणकरी ड्रायव्हर झिंगलेलाच असतो. आणि झिंगलेल्या माणसाला आपण झिंगलो आहोत हे सहसा पटत नाही. म्हणून बाहेरची मर्यादा लागतेच. प्रश्न एवढाच की, ती मर्यादा कोणाकोणाला लावायची?

सुगी घड्याळ पाहून येत नाही

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनीही या नियमावर तक्रार केली. कापणीला आलेला गहू, काढलेली भाजी, धारेचे दूध यांना १४ तासांचे गणित कळत नाही. पाऊस आभाळात उभा असताना ट्रकने ‘माझी वेळ झाली’ म्हटले तर कसे चालेल?

म्हणून तेथे शेतमालाला सवलत आहे. राज्याने ठरवलेल्या पेरणी-सुगीच्या काळात, माल जेथून उचलला तेथून सरळ रेषेत १५० सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरच्या आत, तासांचा हा नियम लागत नाही. त्या टापूतला वेळ धरायचाच नाही; टापू ओलांडला की घड्याळ सुरू. सवलतीचे अंतर १५० मैलांवर नेले तेही २०१२ च्या त्याच कायद्याने. २०२१ साली आणखी एक दुरुस्ती होऊन, जनावरांच्या गाड्यांना मुक्कामाच्या ठिकाणाजवळच्या १५० मैलांतही मोकळीक मिळाली.

जनावरांचा प्रश्न खास बिकट. तेथे वासरे आग्नेयेकडच्या राज्यांत वाढतात आणि खिलवून पुष्ट करायला टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्काकडच्या गोठ्यांत जातात. हा प्रवास ११ तासांत उरकत नाही. ट्रक उभा केला की आतली हवा कोंडते, उन्हात जनावर तापते आणि वाटेत उतरवायची सोय सगळीकडे नसते. उतरवले तरी चढवताना जनावर बिथरते, पाय मोडतो. मधमाश्यांचेही तसेच. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या बदामबागा फुलल्या की देशभरातून पेट्यांचे ट्रक तिकडे निघतात. गाडी पळती असेल तर वारा लागतो; भर उन्हात उभी राहिली तर पेट्या तापतात आणि माश्या मरतात. म्हणून यंत्राची सक्ती झाली तेव्हा जनावरांच्या गाड्यांना आधी मुदतवाढ मिळाली आणि पुढे संसदेने त्यांच्यापुरता सक्तीसाठी पैसा खर्च करायलाच मनाई केली.

शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. पण दुसरी बाजू पाहा. सवलत मालाला मिळाली, पण ड्रायव्हरच्या डोळ्यांना ती कोण देणार? गहू नेणाऱ्याला झोप कमी लागते आणि लोखंड नेणाऱ्याला जास्त, असे काही निसर्गाने ठरवलेले नाही. २७८ किलोमीटर मोकळीक घेऊन जो माणूस पुढच्या ११ तासांना लागतो, तो आधीच अर्धा थकलेला असतो.

यंत्राने काय साधले?

आता फळाकडे वळू. आमच्या शेतीखात्यात एक शिस्त आहे: खत टाकले की उतारा मोजायचा, नुसते हिरवेगार दिसते म्हणून समाधान मानायचे नाही. तोच काटा येथे लावू.

२०२१ साली अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी यंत्राच्या सक्तीचा परिणाम तपासून प्रसिद्ध केला. तासांचे नियम मोडण्याचे प्रमाण खाली आले, विशेषतः लहान मालकांच्या गाड्यांत. तेवढे काम यंत्राने चोख केले. पण अपघात कमी झाले का? तसे दिसले नाही. उलट लहान मालकांच्या गाड्यांत वेगमर्यादा मोडण्यासारखे धोक्याचे प्रकार वाढले. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत मोठ्या ट्रकच्या अपघातांत साडेपाच हजारांहून अधिक माणसे दगावली.

असे का व्हावे? कारण अगदी साधे आहे. घड्याळ लावले, पण मजुरी मैलावरच राहिली. तेथल्या ड्रायव्हराला सहसा मैलावर पैसे मिळतात. उभ्या गाडीचे पैसे बहुधा नाहीत, आणि मिळाले तरी पहिले दोन तास फुकट धरून. १९३८ च्या मजुरी कायद्यात जादा कामाच्या जादा पगाराची तरतूद झाली, पण त्यातूनही आंतरराज्य ट्रकचा ड्रायव्हर वगळला गेला. मग माल भरायला चार तास गेले तर तो ते भरून कसे काढणार? वेग वाढवून. पूर्वी तो वहीत खोटे लिही, आता रस्त्यावर घाई करतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा हा प्रकार झाला.

याचा आकडाही आहे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला. माल भरण्या-उतरवण्याच्या जागी सरासरी थांबा १५ मिनिटांनी वाढला, तर अपघाताचा दर सरासरी ६.२ टक्क्यांनी वाढेल, असा त्यात अंदाज आहे. फुकट थांबण्यापायी ड्रायव्हरांचे वर्षाला एक अब्जाहून अधिक डॉलर बुडतात, असेही त्यात म्हटले आहे.

वाचकहो, या लेखातली एकच गोष्ट ध्यानात ठेवायची झाली तर ही ठेवा. अपघाताची सुरुवात पुष्कळदा हमरस्त्यावर होतच नाही. ती गोदामाच्या दारात, बाजाराच्या फाटकात, शेताच्या बांधावर झालेली असते. यंत्र ड्रायव्हरचा मिनिट न् मिनिट मोजते. पण ज्यांनी त्याला ताटकळत ठेवले त्यांचा एकही मिनिट मोजत नाही.

थांबायचे म्हटले तरी जागा कोठे?

दुसरी अडचण जागेची. वेळ संपली, थांबा, असे कायदा सांगतो. पण एवढी मोठी गाडी लावायची कोठे? रात्री हमरस्त्यावरचे तळ भरून जातात. मग ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला, नाहीतर ओसाड जागी गाडी लावतो.

मार्च २००९ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यात एक तरुण ड्रायव्हर माल पोचवायच्या ठिकाणाजवळ वेळेआधी आला. आत जाता येईना, जवळपास सुरक्षित तळ नव्हता, म्हणून त्याने बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून डोळा मिटला. तेथे लुटारूने त्याचा खून केला. हाती लागले अवघे ७ डॉलर. घरी त्याची बायको गरोदर होती. तिने हा प्रश्न धसास लावला आणि २०१२ च्या त्याच कायद्यात ट्रकतळांसाठी पैसा खर्च करण्याचे कलम आले. ते कलम आजही त्या ड्रायव्हरच्या नावाने, ‘जेसनचा कायदा’ म्हणून ओळखले जाते. नोंदयंत्र आणि ट्रकतळ, दोन्ही एकाच कायद्यातले. यंत्राला तारखा ठरल्या आणि ते गाडीगाडीत बसले. तळांची टंचाई मात्र अजून हटलेली नाही. घड्याळ विकत आणणे सोपे, जागा करून देणे अवघड.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि ५ तासांनंतर निदान अर्धा तास विसावा असे लिहिले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू. एका गाडीचा मालक, तोच ड्रायव्हर, सोबत एक क्लीनर, असा जो आपला नेहमीचा ट्रक किंवा टेम्पो, तो त्यात कसा सापडणार? आता तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रक-ड्रायव्हरांचेही तास ठरवावेत, असे सुचवले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना थंड हवेची केबिन सक्तीची झाली, हेही चांगलेच झाले.

तरी २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ट्रकवाले होते, ट्रकखाली आलेले होते आणि आपल्या मालावर बसून बाजाराला निघालेले शेतकरीही असतील. उद्या आपल्याकडे यंत्र येईल, न येईल. आले तरी अमेरिकेचा अनुभव सांगतो की नुसत्या यंत्राने भागत नाही. पण जो भाग आपल्या हातात आहे त्याला सरकारी हुकमाची वाट पाहायला नको. म्हणून पुढील गोष्टी करून पाहा.

१. माल तयार ठेवूनच गाडी बोलवा. कांदा निवडून, गोण्या शिवून, क्रेट भरून झाल्यावर हुंडेकऱ्याला फोन करा. गाडी दारात उभी आणि आपण अजून माल काढतो आहोत, असे करू नका. सकाळी ९ ला बोलावलेली गाडी संध्याकाळी ७ ला हलली, तर तो ड्रायव्हर दिवसभर जागा राहून रात्रभर गाडी हाकणार आहे.

२. हमाल आधी ठरवा. चार जणांऐवजी सहा लावले तर मजुरी थोडी वाढेल, पण भराई लवकर उरकेल. गाडी लवकर गेली तर मालही ताजा पोचतो, हा फायदा तुमचाच.

३. भराई चालू असताना ड्रायव्हरला झोपू द्या. क्लीनर लक्ष ठेवील. ओसरीवर नाहीतर झाडाखाली एक बाज टाकून द्या, तांब्याभर पाणी ठेवा. हमालीला हात लावायला त्याला सांगू नका. त्याची ताकद पुढच्या रस्त्याला लागणार आहे.

४. जेवण द्या, पण बेताचे. गोडाधोडाचे पोटभर जेवण आणि पाठोपाठ रात्रीचा प्रवास म्हणजे झोपेला निमंत्रण. भाकरी, भाजी, आमटी पुरे. दारूचा आग्रह कधीच नको.

५. पोचायची वेळ हिशोब करून सांगा. ४०० किलोमीटरच्या मजलेला घाट, गर्दी, चहापाणी आणि मधला विसावा धरून वेळ काढा. ‘लवकर पोचलास तर वर बक्षीस’ असे म्हणू नका. ते बक्षीस नसून वेगाला दिलेली चिथावणी आहे.

६. गाडीचा खोळंबा आपल्यामुळे झाला तर त्याचे पैसे द्या. भाडे ठरवतानाच बोलून घ्या: दोन तासांच्या पुढे गाडी थांबली तर तासाला इतके. एकदा हे ठरले की आपली माणसे आपोआप लगबगीने भरतात. अमेरिकेच्या नियमात नेमकी हीच तरतूद राहून गेली आहे.

७. लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर मागा. भाडे वाढेल. पण द्राक्षांची किंवा आंब्याची भरलेली गाडी उलटली तर जाणारा माल कोणाचा असतो?

८. रात्री २ ते ५ ही वेळ सगळ्यांत वाईट. त्या वेळी माणसाचे शरीरच झोप मागते. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी ती हटत नाही, फार तर थोडी लांबते. मालाबरोबर आपला माणूस जात असेल तर त्याने ड्रायव्हरशी बोलत राहावे आणि तो पेंगू लागला तर गाडी पंपावर किंवा ढाब्यावर उजेडात लावायला सांगावे. वीस मिनिटांची डुलकी घेऊ द्यावी, उठल्यावर तोंड धुवायला लावावे, थोडे चालू द्यावे आणि मगच पुढे निघावे.

९. ग्रामपंचायतीत आणि बाजार समितीत हा विषय काढा. समितीच्या आवारात ड्रायव्हरांना झोपायला एक खोली, न्हाणी, पाणी आणि रात्री दिवा एवढे झाले तरी पुष्कळ. सेस आपल्याच मालावर जमा होतो, मग मागायला लाजायचे कशाला? लिलावाच्या आदल्या रात्रीपासून लागणारी गाड्यांची रांग नंबर देऊन लावता आली, तर शेकडो माणसांची झोप वाचेल.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायाबापड्यांना सांगायची आहे. आता गावोगावची मुले टेम्पो, ट्रॅक्टर, ट्रक यांवर जात आहेत. आपल्याच घरातला मुलगा रात्रीच्या खेपा करून सकाळी येतो तेव्हा त्याला लगेच शेतावर धाडू नका. खोलीत अंधार करा, पोरांना बाहेर काढा, मोबाईल काढून ठेवा आणि सात-आठ तास त्याला कोणी हाक मारू नका. दिवसा झोपतो म्हणून कोणी नावे ठेवत असेल तर त्याला सांगा की, हा दिवसा झोपतो म्हणून रात्री रस्त्यावर जागा असतो.

अमेरिकेने इंजिनाला घड्याळ बसवले. ते वाईट नव्हते. त्याने खोट्या वह्या बंद केल्या. पण घड्याळ एकाच्या गळ्यात आणि उशीर करायची मोकळीक बाकीच्या सगळ्यांना, हा न्याय काही पुरा नाही. सुगी आता तोंडावर आली आहे. पुढची गाडी तुमच्या बांधाला लागेल तेव्हा ती किती वाजता आली आणि किती वाजता हलली, एवढे एका कागदावर लिहून ठेवा. चार-पाच खेपांनंतर तो कागद पाहा. आपल्याकडून किती झोप मोडली जाते त्याचा हिशोब त्यात मिळेल आणि तो कमी कसा करायचा हे सुचायला मग कोणा अधिकाऱ्याची गरज लागणार नाही.